विहिरीकाठचा बैल

पुराबद्दल कुणी 'निसर्गाचं रौद्र रूप' वगैरे बोलायला लागलं की मला मळमळायला लागतं. टीव्हीवर सांगतात, पेपरात लिहितात, शाळेत पोरांना निबंध घालतात. अहो, रूप बघायला वेळ कुणाला असतो? पाणी आलं तेव्हा मी एका हातात सासूबाईंचा दंड आणि दुसऱ्या हातात कपड्यांचं बोचकं धरून चिखलातून पळत होते. माझ्या लक्षात राहिलाय तो वास. आज इतकी वर्षं झाली, तरी ओलं फडकं बादलीत विसरलं गेलं की तोच वास येतो आणि मी ते फडकं काठीनं उचलून लांब फेकून देते.

माझं नाक लहानपणापासून वाईट. वाईट म्हणजे तिखट. शहापूर तालुक्यातल्या माझ्या माहेरी मला नाकाडीच म्हणायचे. दूध नासायच्या आधी मला कळायचं. कालवणात शिळं खोबरं पडलं की मी ताट सरकवायची आणि आईचे धपाटे खायची. "राणीसाहेबांचं नाक कापून कोनाड्यात ठेवा," असं आई म्हणायची. ते माहेर चढावर, नदीपासून लांब. पूर म्हणजे काय ते मला लग्न होऊन मुरबाडकडं आल्यावर कळलं, एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमारास.

सासर वैशाखऱ्याच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यावरून आत उतरलं की नदीच्या काठी. गावाचं नाव कशाला सांगू? ज्यांचं आहे त्यांना कळेल आणि ते माझ्या नावानं बोटं मोडतील. तर त्या पहिल्या पावसाळ्यात नदी अंगणापर्यंत आली होती. सासूबाईंनी काय करावं? पाटावर नारळ, खण, तांदूळ घेतले आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून नदीची ओटी भरली. "माहेरवाशीण आली गो अंगणात, तशीच कशी पाठवायची?" मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं. माहेरवाशीण दुसऱ्या दिवशी परत गेली आणि जाताना आमच्या अंगणात कुणाच्यातरी मेलेल्या कोंबड्या ठेवून गेली. मी त्या फावड्यानं उचलल्या आणि परसात जाऊन ओकले. सासरे पडवीतून बघत होते. "एवढ्या नाकानं शेतकऱ्याच्या घरात कसं व्हायचं?" म्हणाले. तेव्हापासून माझ्या नाकाचा विषय त्या घरात कायमचा झाला.

सासऱ्यांना आम्ही दोघी सुना मामा म्हणायचो. आजही त्यांच्याबद्दल बोलताना माझ्या तोंडी 'ते'च येतं, डोक्यात कितीही तिडीक गेली तरी. सवय.

दोन हजार पाचच्या पावसाळ्यात मात्र नदी ओटी भरून घ्यायला थांबली नाही. माझा नवरा आणि दीर दोघंही कल्याणला एका कारखान्यात कामाला. खोली घेऊन राहायचे, सुट्टीला घरी यायचे. त्या दिवशी ते तिकडंच अडकले. घरी सासू-सासरे, मी आणि माझी धाकटी जाऊ. ती नुकतीच बाळंत झालेली. तिला माहेर असं उरलंच नव्हतं, म्हणून बाळंतपण आमच्याकडंच केलेलं. मुलगा झाला होता. चिंगळीएवढं पोर, रडलं तरी शेजारच्या खोलीत ऐकू यायचं नाही.

दुपारपर्यंत नदी शेतात होती, तिसऱ्या प्रहराला ती गोठ्यात आली. सासऱ्यांनी कोयतीनं बैलांची दावी कापली. थोरला बैल आमच्या मागून मुकाट चढावर आला. धाकटा बुजला आणि पाण्यात गेला. तो त्याच वर्षी म्हशाच्या गुरांच्या जत्रेतून आणलेला, अंगानं तांबूस, शिंगं लाल रंगवलेली. जत्रेतून सासरे त्याला चालवत घरी घेऊन आले होते आणि आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचे दात दाखवत होते. तो वाहत गेला तेव्हा सासरे तिथंच पाण्यात उभे राहिले. मी ओरडले, "मामा, चला!" तर म्हणाले, "माझा राजा गेला गो." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मी स्वतः बघितलंय, म्हणून सांगते. माणूस दगड नव्हता.

शाळा उंचावर, सारं गाव तिथं चढलं. बाळ मी भाकरीच्या टोपलीत घालून, वर इरलं झाकून डोक्यावर नेलं.

पाणी उतरलं आणि आम्ही घरी आलो. शी! काय सांगू? भिंतीला छातीएवढ्या उंचीवर काळी रेघ. खाली सगळा गाळ, आणि गाळात काय काय. पावसाळ्याची बेगमी केलेली, सुकट, बोंबील, मिरच्या, सगळं फुगून फुटलेलं. सुकलेली मासळी एकदा भिजली की ती ताजी होत नाही हो, ती मेल्यासारखी होते, दुसऱ्यांदा मेल्यासारखी. कणग्यातलं भात भिजून आतल्या आत तापलं होतं. हात घातला तर गरम लागला आणि आंबूस वाफ तोंडावर आली. मांडवात रचलेली लाकडं निम्मी वाहून गेली, उरलेली पिळून काढावीत इतकी ओली. मी नाकाला पदर बांधला, तर सासूबाई म्हणाल्या, "पदर सोड गो, काम कर, सगळ्यांनाच नाकं हायत." त्यांचंही खरंच होतं. पदर कमरेला खोचला आणि घमेल्यानं गाळ काढायला लागले. मध्ये मध्ये बाहेर जाऊन ओकारी काढायची आणि परत आत.

पण हे सगळं घरातलं. धुतलं की जाणारं. खरा घाणेरडेपणा विहिरीवर होता.

आमची विहीर वस्तीच्या खालच्या अंगाला, नदीकडं. सगळ्या आळीची तीच एक. हातपंप होता, तो आधीच बंद पडलेला. पुराचं पाणी विहिरीवरून गेलं होतं, कठड्याची एक बाजू ढासळलेली. आणि त्या ढासळलेल्या बाजूला, दगडांना टेकून, एक मेलेला बैल पडला होता. फुगून टम्म. पाय वर. तांबूस होता की काळा, काही ओळखू येत नव्हतं, सगळा गाळ. एका शिंगाला तेवढा लाल रंग दिसत होता. पावसाची सर आली की त्याच्या अंगावरून पाणी ओघळायचं आणि कठड्याच्या फटीतून सरळ विहिरीत जायचं. हे मी उभी राहून बघितलं. बघितलं आणि घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं, "मामा, आधी तो बैल हलवा."

ते धावतच गेले. शिंग बघितलं आणि मटकन खाली बसले. "माझाच तो," म्हणाले. पुन्हा डोळे पुसले. मग उठले, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाले, "कुणी हात लावायचा नाय. पंचनामा होऊ दे."

आता यात त्यांची तरी काय चूक म्हणायची? मागं एकदा गावातल्या एकानं वाहून आलेली आपली म्हैस दिवस न घालवता पुरून टाकली, माणुसकीनं. मग मेलेल्या जनावराची भरपाई मागायला गेला तर त्याला विचारलं, म्हैस कुठाय? तेव्हापासून गावात सगळ्यांनी धडा घेतला, की जनावर मेलं तर तलाठी येऊन बघेपर्यंत तसंच ठेवायचं. जिवंतपणी त्याला मूठभर पेंड मिळाली नसेल, पण मेल्यावर त्याची बडदास्त ठेवायची.

आणि एवढ्यावर भागलं असतं तर बरं. खालच्या आळीतल्या एकाचाही बैल वाहून गेला होता. तो आला, म्हणाला, हा माझा. "लाल रंग माझ्या बी बैलाला." सासरे म्हणाले, "हा रंग माझ्या हातचा. डबा हाय घरात, आणून दावू?" तो म्हणाला, "डबे काय, दुकानात मिळतात." झालं. दोन म्हातारे एका कुजत्या बैलावरून एकमेकांच्या अंगावर जायला लागले. बैल कुणाचा हे कळायला आता त्याला तोंड धड राहिलं नव्हतं, पण यांची तोंडं चालू.

मग काय केलं त्यांनी? राखण! दोघंही राखणीला बसले. एक या बाजूला इरलं घेऊन, एक त्या बाजूला छत्री घेऊन, नाकाला टॉवेल बांधून. का, तर दुसऱ्यानं तो ओढून आपल्या खाचरात नेऊ नये म्हणून. कुत्री आली की दगड मारायचे. कावळे बसले की हुसकायचे. अहो, कुत्र्यांनी खाल्ला असता तर निदान हळूहळू कमी तरी झाला असता! पण नाही, पंचनाम्याला बैल आख्खा पाहिजे. नवरीमुलगी बघायला येणार असल्यासारखी तयारी. मी पाण्याला गेले की नाकाला पदर लावायची, आणि तो खालच्या आळीतला माझ्याकडं बघून सासऱ्यांना म्हणायचा, "सूनबाईला वास येतो वाटतं." यावर दोघंही हसायचे. तेवढ्यापुरतं दोघांचं जमायचं.

रस्ता तुटलेला, घाट बंद, एसटी नाही. तलाठी येणार तरी कसा? कुणी म्हणे उद्या, कुणी म्हणे परवा.

बाकीच्या बायका शहाण्या. त्यांनी दाराशी पागोळ्यांखाली हंडे लावले आणि पावसाचं पाणी प्यायला सुरुवात केली. आम्हीही केली. पण जाऊ बाळंतीण. आणि आमच्याकडं बाळंतिणीला पागोळीचं पाणी देत नाहीत. ते थंड, कौलावरचं, कावळ्या-मांजरांचं, दुधात उतरतं आणि पोराला बाधतं. तिला विहिरीचंच पाणी, ओवा घालून उकळून. सासूबाईंच्या सासूनं तसं दिलं, तिच्या सासूनं तसं दिलं.

"आत्या," मी सासूबाईंना म्हटलं, "विहिरीवर बैल कुजतोय. ते पाणी तिला पाजता?"

"उकळून देते ना गो."

"उकळी येते कुठं? लाकडं बघा. नुसता धूर. कोमट करता आणि देता."

"मग काय पागोळीचं पाजू? पोराला काय झालं तर तू बघशील?"

मी गुपचूप पागोळीचं पाणी तांब्यात घेऊन जावेकडं गेले. म्हटलं, पी, कुणाला कळत नाही. तिनं पोराकडं बघितलं आणि तांब्या बाजूला सारला. "नको ताई. बाळाला बाधलं तर?" आणि ते दुसरं, ओव्याचं, नाक दाबून प्यायली. माझ्यासमोर प्यायली. मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले.

तिसऱ्या दिवशी तिला जुलाब सुरू झाले. आधी वाटलं, बाळंतपणाचं काहीतरी. मग थांबेचनात. डोळे आत गेले, ओठांना पापुद्रे आले. पोर छातीला लावलं की चोखायचं आणि चिडून सोडून द्यायचं. गावात आरोग्यवाली बाई आली, तिनं विहिरीत पांढरी पावडर टाकली आणि बैलाकडं बघून म्हणाली, "हे आधी काढा, नाहीतर पावडरचा काय उपयोग?" दोन्ही राखणदार एका सुरात म्हणाले, "पंचनामा झाला का काढतो." ती बिचारी पदर नाकाला लावून निघून गेली.

मी जिवाचा संताप करत होते. आळीत चार घरी जाऊन आले. म्हटलं, दोऱ्या आणा, ओढून टाकू. लोक म्हणायचे, "तुमच्या मामांचं आणि त्याचं भांडण, आमी मदी कुठं पडणार?" प्यायला सगळ्यांना पागोळ्या होत्या ना. मेलेला बैल त्यांच्या घशात कुठं उतरत होता?

मधे एक दिवस मोठा रस्ता जेमतेम सुरू झाला आणि शहरातली गाडी आली मदत घेऊन. रस्त्यावरूनच कपडे फेकत होते. मला काय आलं सांगू? टिकल्या लावलेला पार्टीचा झगा आणि एका पायाचा बूट. वर आमचे फोटो काढले. त्यांच्या हातात पाण्याच्या बाटल्या होत्या. मी एका बाईला म्हटलं, घरी बाळंतीण आहे, एक बाटली द्या. तिला ऐकू आलं नसावं. ती हसली, हात हलवला आणि गाडी निघाली. मी तो झगा तिथंच चिखलात टाकला आणि त्यावर पाय दिला. बरं वाटलं.

एकच चांगलं पाणी उरलं होतं, डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्याचं. वर आदिवासी वाडी आहे, तिथली माणसं तेच पितात. पण मध्ये ओढा, त्यावरचा साकव वाहून गेलेला. पाणी कमरेपर्यंत उतरल्यावर मी हंडा डोक्यावर घेऊन निघाले, तर सासरे म्हणाले, "अर्धा दिवस मोडणार एका हंड्यासाठी. घरात काय पाण्याचा दुष्काळ हाय?" गेले आणि आणला. कंबर ओली, पायाला दोन जळवा, पण पाणी असं की हंड्याच्या तळावरचे ठोके दिसावेत. जावेच्या खोलीच्या दाराशी ठेवला आणि शेण गोळा करायला मागं गेले. परत येते तर हंडा निम्मा. सासऱ्यांकडं चार माणसं आली होती बैलाचा निकाल लावायला, त्यांना चहा झाला होता. सासूबाई खाली मान घालून म्हणाल्या, "लोकांना त्या विहिरीचा चहा कसा द्यायचा गो?"

म्हणजे कळत होतं! अहो, सगळ्यांना सगळं कळत होतं! पाहुण्याला देण्यासारखं ते पाणी नाही, हे त्या घरात प्रत्येकाला माहीत होतं. मी त्या दिवशी जेवले नाही. पहिलाच घास तोंडात घोळला आणि थुंकून टाकला, नुसती शिसारी.

दुसऱ्या सकाळी मी पुन्हा गेले आणि हंडा आणला. या वेळी थेट जावेच्या खोलीत, तिच्या बाजेच्या पलीकडं, कोपऱ्यात ठेवला. तिथं तो सुरक्षित. कारण आमच्याकडं बाळंतिणीच्या खोलीत पुरुष माणूस पाय टाकत नाही, सासरा तर नाहीच नाही. सासऱ्यांनी तोवर नातवाचं तोंडसुद्धा बघितलं नव्हतं. त्याला बाहेर आणायचा दिवस अजून लांब होता. मी जावेला म्हटलं, "पडल्या पडल्या हात घाल आणि पी. घोट घोट पी." तिनं मान हलवली. बोलायची ताकद नव्हती.

त्याच दुपारी अंगणात घुंगरू वाजलं.

मी बाहेर आले तर वाडीवरचा एक ओळखीचा माणूस उभा, हातात दोर, आणि दोराला आमचा तांबूस बैल. जिवंत! म्हशाच्या जत्रेतला राजा. अंगावर ओरखडे, एक गुडघा सोललेला, गळ्यात कापलेलं दावं तसंच. माणूस हसत सांगायला लागला, की वाहत वाहत तो पलीकडच्या काठाला लागला, तिथून रानात चढला, यांच्या गुरांत जाऊन मिसळला. "वळखला मी. म्हटलं, पोचवून येऊ, म्हातारा रडत असंल."

सासरे विहिरीवरून धावत आले. मला वाटलं, आता बैलाच्या गळ्यात पडतील. ते आले, बैलाला बघितलं, विहिरीकडं बघितलं, आणि चेहरा असा पडला! काय म्हणाले असतील? म्हणाले, "अरे, आत्ताच कशाला आणलास?"

वाडीवरच्या माणसानं दोर या हातातून त्या हातात घेतला.

"दोन दिस थांबायचं व्हतं रे. पंचनामा राहिलाय." आणि लगेच आवाज उतरवून, "घरामागं घे, घरामागं. खालच्या आळीत दिसला तर झालं." ज्याच्यासाठी पाण्यात उभं राहून रडले, तो चार पायांवर घरी आला तर त्याला लपवायला निघाले. मला कळेना हसू की थुंकू. मी थुंकले. अंगणात, त्यांच्यासमोर. त्यांचं लक्षही नव्हतं.

बैल उन्हातान्हाचा चालून आलेला, त्याला तहान लागलेली. सासूबाईंनी घरामागं बादली ठेवली. विहिरीचंच पाणी. बैलानं तोंड खाली घातलं, नाकपुड्या फुलवल्या, जोरात फुसकारला आणि मान वळवली. सासऱ्यांनी त्याच्या मानेवरून हात फिरवला. "पी रे राजा, पी." पुन्हा बादली पुढं केली. त्यानं पायानं बादली उलटी केली.

"नाय पिणार तो," वाडीवरचा म्हणाला. "आमच्याकडं झऱ्याचं पीत व्हता."

त्या दिवशी पाऊस नव्हता, पागोळ्यांखालचे हंडे कोरडे. सासऱ्यांनी बादली सरळ केली. मग घरात शिरले. मी त्यांच्या मागं. ते सरळ बाळंतिणीच्या खोलीकडं गेले, दाराशी थांबले पण नाहीत, पडदा सारला आणि आत. सोयर नाही, रीत नाही, काही नाही. नातू बाजेवर उघडा पडला होता, त्याच्याकडं नजर गेली नाही. कोपऱ्यातला हंडा उचलला आणि खांद्यावर घेतला.

इतके दिवस मी बडबड बडबड केली होती आणि नेमकी तेव्हा माझी वाचा बसली. जाऊ बोलली. उठता येत नव्हतं, पडल्या पडल्याच, पदर डोक्यावर ओढून घेत म्हणाली, "मामा, बैलाचं पिऊन झालं का उरलेलं मला द्या."

सासरे म्हणाले, "हां हां, देतो."

आणि खरंच दिलं. बैलाला पाजून उरलेला हंडा त्यांनी आणून उंबऱ्याशी ठेवला. पाण्यावर लाळेचा तवंग होता.

मी तो हंडा अंगणात नेऊन पालथा केला. मग मला कुणाचं काही ऐकू आलं नाही. वाडीवरच्या माणसाला म्हटलं, "दादा, तू तरी चल." घोंगडीची झोळी केली, जावेला तीत घातलं, एका टोकाला तो, एका टोकाला मी. पोर सासूबाईंच्या छातीशी. त्या रडत रडत मागून चालत आल्या, त्यांनी एका शब्दानं मला अडवलं नाही. मोठ्या रस्त्यावर एक जीप थांबली आणि तिनं मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात पोचवलं. सलाईनच्या बाटल्या लागल्या. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर केला असता तर हातात काही नव्हतं. जाऊ वाचली. पोरही वाचलं. तिचं दूध मात्र आटलं ते आटलंच, पोर गाईच्या दुधावर वाढलं.

तलाठी आला म्हणे, आम्ही दवाखान्यात असताना. तो विहिरीपर्यंत उतरलाच नाही. वास इतका, की मोठ्या रस्त्यावरूनच नाकाला रुमाल लावून त्यानं विचारलं, कुणाचं काय गेलं, आणि लिहून घेतलं. ज्याच्यासाठी एवढी राखण, तो बैल बघायला कुणी आलंच नाही. सासऱ्यांनी आपला बैल गेला म्हणून सांगितलं की नाही, ते मी कधी विचारलं नाही. विचारायची इच्छाच मेली होती. मेलेला बैल मग खालच्या आळीच्या पोरांनी दोरीनं ओढून नदीत सोडला, म्हणजे पुढच्या गावाच्या विहिरीला.

सासरे आता नाहीत. दीर-जाऊ कल्याणला राहतात, ते पोर माझ्याहून उंच झालंय. एकदा जाऊ दिवाळीला आली होती तेव्हा आम्ही दोघी मागच्या दारी वाटण करत बसलो होतो. बोलता बोलता तो पूर निघाला. मी हसून म्हटलं, "काही म्हण, त्या दिवशी म्हाताऱ्याला टोमणा मात्र असा मारलास ना गो! उरलेलं मला द्या म्हणे! माझ्या तर अंगावर काटा आला होता."

ती वाटायची थांबली.

"कसला टोमणा, ताई?" म्हणाली. "मला तहान लागली होती."